काईलीचा वास

"मुखपट्टी खाली कर आन् वास घे," दाजी म्हणाले.

मी चुलवाणाच्या खड्ड्यातून नुकताच वर आलो होतो. चिपाडांचा जाळ घालून घालून भुवयांवर राख बसली होती आणि उन्हात डोळे नीट उघडत नव्हते. समोर काईल रटरटत होती. काईल म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करण्याची पसरट लोखंडी कढई; एखादी बैलगाडी तीत सहज मावावी एवढी रुंद. दाजी तिच्या काठाशी उभे होते आणि उसळत्या वाफेत त्यांचा चेहरा क्षणात दिसत होता, क्षणात लोपत होता. त्यांनी हाक मारली तेव्हा जाळ कमी पडल्याची तक्रार असेल, अशा समजुतीने मी धावत वर आलो होतो.

मी त्यांच्या शेजारी उभा राहून मुखपट्टी हनुवटीखाली ओढली आणि श्वास घेतला.

"कसा येतोय?"

"गोड येतोय की, दाजी."

"गोड तर समदंच आस्तंय. मास्तर, शाळंत निस्ती हजेरीच लावली व्हय? नीट सांग. पिकल्या केळीगत येतोय, का भाजल्या शेंगदाण्यागत?"

मी काठावर आणखी वाकलो. केळीसारखा होता. तसे सांगितले.

"मग थांब. केळ जाऊन शेंगदाणा आला की बोल. त्याच्या म्होरं पापणी लवस्तवर जरी थांबलास, तर मालकाची काईल गेली म्हणून समज."

मी थांबलो. आयुष्यात एवढ्या एकाग्रतेने मी कशाचीही वाट पाहिली नव्हती. आणि मग खरोखरच, एखाद्या बंद घराचे दार कुणी आतून उघडावे तसा तो वास पालटला. "आला," मी म्हणालो. दाजींनी हात वर केला. गड्यांनी आकडे अडकवून काईल कलती केली आणि पाक वाफ्यात, म्हणजे थंड करण्याच्या उथळ हौदात, उतरला. रंग ताज्या हळदीच्या गाठीसारखा पिवळाजर्द होता. दाजींनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. "जा, जाळ बघ जा," एवढेच म्हणाले. जाताना मात्र हळूच बजावले, की ही गोष्ट कुणाजवळ बोलायची नाही. घरीसुद्धा नाही.

खड्ड्यात परत उतरताना माझी पायरी चुकली. त्याचे कारण सांगायला हवे.

आमच्या भागात गुळव्याची, म्हणजे काईलीवर उभे राहून गूळ उतरवणाऱ्या कारागिराची, विद्या सहजासहजी कुणाला लाभत नाही. त्याचा हात कुणीही पाहून शिकू शकतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी कशी वळावी, मळी कशी काढावी, भेंडीचे पाणी केव्हा घालावे, हे सारे डोळ्यांना दिसते. परंतु गोळी बोलते तेव्हा कधी कधी उशीर झालेला असतो. बुडाशी पाक धरू लागल्याचे नाकाला आधी कळते, आणि नाक काही पाहून शिकता येत नाही. ते कुणीतरी शेजारी उभे करून शिकवावे लागते. दाजींना त्यांच्या चुलत्याने शिकवले ते अंथरुणाला खिळल्यावर. मी दाजींना कैक वर्षे विनवीत आलो होतो, आणि त्यांचे ठरलेले उत्तर होते, "आदी मला तिरडीवर बग, मग काईलीवर चढ."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हिंदुराव. आमचे आईवडील लागोपाठ गेले तेव्हा आक्काचे लग्न ठरलेले होते. तिने एकच अट घातली, की धाकटा भाऊ माझ्याबरोबर येईल. "लोकांस्नी हुंडा मिळतो, मला मेव्हणा मिळाला," असे दाजी पाहुण्यारावळ्यांत सांगत आणि आक्का पदराआड हसे. त्यांना मूलबाळ झाले नाही. माझी शाळा सातवीनंतर सुटली आणि मी दाजींच्या मागोमाग गुऱ्हाळात चुलव्या म्हणून लागलो. दुपारच्या सुटीत गावच्या वाचनालयातली पुस्तके वाची, म्हणून मी त्यांचा 'मास्तर' झालो होतो. माझे लग्न जमत नव्हते, आणि चुलव्याला मुलगी कोण देणार, असे लोक उघड म्हणत. गुळव्याची गोष्ट निराळी असते. म्हणून पायरी चुकली होती.

ते महामारीच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. तोडणीला माणसे न मिळाल्यामुळे ऊस शिवारात तसाच उभा राहिला होता आणि चैत्र लागला तरी आमचे गुऱ्हाळ चालू होते. नदीपलीकडच्या गावांतून रोज कुणी ना कुणी गेल्याच्या वार्ता येत. आणि आमच्या घरात आक्काला दमा होता. लग्नापासून चुलीच्या धुरात बसून बसून तिची छाती पोकळ झाली होती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले होते, की या बाईंना हा आजार शिवता कामा नये. शिवला तर माझ्या हातात काही राहणार नाही. दाजी घरी आले आणि तसेच्या तसे हे वाक्य त्यांनी मला ऐकवले. नंतर अंगणातच उकिडवे बसून बराच वेळ काडीने जमिनीवर रेघा ओढीत राहिले.

आमच्या आळीच्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, शालन वहिनी. त्यांनी आम्हा तिघांना दारात उभे करून सारे समजावले. हात साबणाने मनगटापर्यंत धुवायचे. घरातल्या घरातसुद्धा अंतर ठेवायचे, ताटवाटी निराळी करायची, खिडक्या उघड्या टाकायच्या. ताप, खोकला, तोंडाची चव किंवा नाकाचा वास गेला, यांतले काहीही झाले तरी लपवायचे नाही. श्वास लागला तर पालथे झोपायचे, म्हणजे छाती मोकळी होते. मुखपट्टीबद्दल त्या म्हणाल्या, "नाक उघडं ठेवून तोंड झाकायचं म्हणजे कडी लावायची आन् दार सताड उघडं." शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली, की लांब राहा पण बोलणे सोडू नका, माणूस एकटे पडले की आधी मनाने जाते.

दाजींनी ते सारे शास्त्राप्रमाणे मानले. त्यांनी चूल बंद करून गॅसची शेगडी आणली. आणि आक्काच्या रक्षणासाठी एक व्यवस्था ठरवली, जी ऐकून शालन वहिनींनीही मान डोलावली. दाजींचा संबंध ट्रकवाले, तोडकरी, अडतीची माणसे अशा सगळ्यांशी येई. म्हणून त्यांनी हंगाम संपेपर्यंत गुऱ्हाळातल्या खोलीत राहायचे, घरी पाऊलही ठेवायचे नाही. चुलव्या मात्र दिवसभर खड्ड्यात एकटा असतो. तिथे एवढी धग असते, की कुणी जवळ फिरकत नाही. "चुलवाणात यमबी उतरायचा न्हाई," दाजी म्हणाले. म्हणून घर आणि गुऱ्हाळ यांमधला दुवा मी. संध्याकाळी मी घरी यायचे, अंगणात आंघोळ करायची, पडवीत झोपायचे आणि सकाळी आक्काने खिडकीत ठेवलेला दाजींचा डबा घेऊन जायचे. आम्हा तिघांत मी निर्धोक, असे ठरले.

आक्काला हे जाचत असे. खिडकीच्या गजांतून ती माझ्याशी बोले. "पाळलेल्या पोपटागत झालंय माझं," ती म्हणे. "राघू म्हणायचा तेवढा राह्यलाय." तरी दाजींनी दिलेली शिस्त तिने मोडली नाही. ते जेवले किती, झोपले कधी, पायाला सूज आहे का, एवढे मात्र रोज खोदून खोदून विचारी.

आणि अशा दिवसांत दाजींनी मला काईलीवर बोलावले.

पहिल्या दिवसानंतर ते रोजचेच झाले. पाक शेवटच्या उकळीला आला की जाळ कमी करायचा असतो, त्यामुळे मला खड्डा सोडून वर येता येई. मी मुखपट्टी उतरवून त्यांच्या खांद्याला खांदा लावून वाकत असे. दाजी विचारीत, मी सांगत असे. कधी ते डोळे बारीक करून म्हणत, "पक्कं?" मी म्हणे, पक्कं. मग हात वर जाई. एकही काईल बिघडली नाही. दाजींना थोडा खोकला होता, परंतु हंगामाच्या अखेरीस धुराने आणि वाफेने प्रत्येक गुळव्याला तो होतो. ते ओव्याची पुरचुंडी हुंगत बसत. त्यातही नवल नव्हते. हंगाम उतरणीला लागला की गुळव्यांचे नाक चार दिवस बसते आणि ओव्याने सुटते, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. मला वाटले, दाजींना आता वय जाणवू लागले असावे, आणि विद्या आपल्याबरोबर जाऊ नये म्हणून त्यांनी मनाशी काही निश्चय केला असावा. गुप्त ठेवण्याची ताकीदही मला गुरुमंत्राप्रमाणे पवित्र वाटली.

परंतु आनंद मावला नाही. चारसहा दिवस मी तो कसाबसा दाबून धरला, आणि एका संध्याकाळी अंगणात आंघोळ उरकून आक्काच्या खिडकीशी गेलो.

"आक्का, दाजी मला काईल शिकवालेत."

तिला आधी खरे वाटले नाही. "ते सोताहून म्हणालं?" तिने विचारले. मी सारे सांगितले. केळ, शेंगदाणा, हात वर जाणे. ती गज धरून ऐकत होती. कसा वास घेतोस ते दाखव म्हणाली. मी मुखपट्टी खाली ओढली, डोळे मिटले आणि काईलीवर वाकल्याप्रमाणे वाकलो. मला तिच्या बांगड्या वाजल्याचे ऐकू आले. डोळे उघडले तो आक्का दार उघडून माझ्यापुढे उभी होती. मी मागे सरण्याआधी तिने दोन्ही तळवे माझ्या गालांवरून, कपाळावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटे मोडली.

"माझ्या लेकराला कुणाची नजर न लागो," ती म्हणाली. "गुळव्या झालास गं बाई माझा." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तिने ते त्याच हातांनी पुसले.

पुढे मग काही दिवसांनी आमटीची गोष्ट घडली. ऊन भयंकर होते. सकाळी भरलेली आमटी दुपारपर्यंत आंबली होती. हे मला डबा विसळताना कळले, कारण त्या उग्र वासाने मी तोंड फिरवले. दाजींनी मात्र वाटी बोटाने पुसून खाल्ली होती आणि वर म्हणाले होते, "आज तुझ्या आक्कानं झकास केलंया." संध्याकाळी मी हा प्रसंग विनोद म्हणून आक्काला सांगितला. अंगणातून ओरडूनच सांगितला, की बायकोच्या धाकाने नवरा आंबलेलेही गोड मानून खातो.

खिडकीतून हसू आले नाही.

काही वेळाने तिने विचारले, "वास न्हाई आला त्यांना?"

मी म्हणालो, की वास घ्यायला आता मी आहे ना. तिने विचारले, की काईलीचा वास ते स्वतःही घेतात, की फक्त मला घ्यायला लावतात. मी आठवून पाहिले आणि सांगितले, की फक्त मलाच. कधीपासून, तेही तिने विचारले. नंतर ती बराच वेळ खोकत राहिली. दम्याचा खोकला असेल म्हणून मी नेहमीप्रमाणे गरम पाणी उंबऱ्यावर ठेवून मागे झालो.

"सकाळी आदी शालनला बलीव," ती आतून म्हणाली. "आन् सर्जा, तू आता हितं येऊ नगंस. तिकडंच ऱ्हा."

ती रागावली आहे, असे मला वाटले. आंबलेल्या आमटीवरून मी तिची थट्टा केली, म्हणून.

सकाळी शालन वहिनींनी तिच्या बोटाला ते प्राणवायू मोजायचे यंत्र लावले, एकदा पाहिले, काढून पुन्हा लावले, दुसऱ्या बोटाला लावले. मग त्या अंगणाबाहेर जाऊन मोबाईलवर कुणाशी तरी बोलल्या. आक्काला रात्रीपासून ताप होता आणि तिने मला हाक मारली नव्हती.

रुग्णवाहिका येईपर्यंत ती दारातल्या धुण्याच्या दगडावर बसून राहिली. मी कंपाउंडच्या भिंतीशी उभा होतो. तिने मला हाताने आणखी लांब व्हायला सांगितले आणि मग, दम लागत होता म्हणून तुकड्यातुकड्यांनी, बोलू लागली.

"सर्जा, त्यांचं नाक गेलंय. तू त्यांचं नाक झालाईस, एवढंच. शिकवणं न्हवं ते."

मला एकदम काही उमजले नाही. मग उमजले, आणि मी भिंतीला टेकलो.

"हंगाम सरताना बसतंय तसंच बसलंय म्हणून गेलं आस्तील," ती म्हणाली. "मनात पाप ठिवून न्हाई केलं त्यांनी. तू त्यांना कवा बोलून दाखवू नगंस. आन् मी तुला हात लावला, तेबी सांगू नगंस."

"का, आक्का?"

"एक कळलं तर सोताला खात्याल. दुसरं कळलं तर तुला." तिने पदराने तोंड पुसले. "माझ्यामागं तुमी दोघंच हाईसा."

मी म्हणालो, मागे वगैरे काही बोलू नको, आठवड्याने परत येशील. ती हसली. लहानपणी मी खोटे बोललो की हसे, तशी.

दाजींना कुणीतरी कळवले होते. रुग्णवाहिका वळणावर आली तेव्हा ते गुऱ्हाळाकडून धावत येताना दिसले. अंगात नुसती बंडी होती आणि हातांना मळी लागलेली होती. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला येऊन ते थबकले, जणू मध्ये नदी होती. शास्त्राप्रमाणे मानलेली गोष्ट त्यांनी त्याही क्षणी मोडली नाही. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी आक्काला आत घेतले. दार लागत असताना दाजी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "पालथी झोप गं, पालथी. ऐकलंस का?" आक्काने आतून काही खूण केली असेल तर ती आम्हाला दिसली नाही.

शालन वहिनींनी त्याच दिवशी आम्हा दोघांची तपासणी करवली. दोघांनाही आजार निघाला. मला ना ताप होता ना खोकला. अंगात रोग आहे, याची मला कल्पनाही नव्हती. मालकांनी गुऱ्हाळ बंद केले आणि उरलेला ऊस शिवारात वाळायला सोडून दिला. आम्हाला आमच्याच घरात कोंडून राहायला सांगितले. दाजी मधल्या खोलीत, मी पडवीत.

आक्का तालुक्याच्या सरकारी केंद्रात होती. रोज सकाळी तिथली एक परिचारिका आपला मोबाईल तिच्या कानाला लावी. आम्हाला फक्त श्वास ऐकू येई. दाजी बोलत. शेरडू व्याले म्हणून सांगत, कुणाच्या घरी पाळणा हलला ते सांगत, न घडलेल्या गोष्टीही सांगत. गप्प राहिले की माणूस मनाने जाते, हे त्यांनी लक्षात ठेवले होते. एकदा तिच्या श्वासाच्या मधून शब्द आला, "जेवला?" दाजींनी खोटेच सांगितले, की भरपेट जेवलो.

नंतर एका सकाळी मोबाईल वाजला तेव्हा पलीकडे ती परिचारिका नव्हती. एक पुरुष होता आणि तो नाव, वय, गाव विचारून खात्री करून घेत होता.

आम्हाला जाता येणार नव्हते. अग्नी कुणी दिला ते आम्हाला ठाऊक नाही. नगरपालिकेची माणसे होती, एवढे समजले. आमच्याकडे कुणाच्या घरी मृत्यू झाला की भाऊबंद भाकरी-पिठले घेऊन येतात, शेजारी बसून पहिला घास खायला लावतात, आणि बायाबापड्या गळ्यात पडून रडतात. आमच्याकडे त्या दिवशी शालन वहिनींनी फाटकाला एक पिशवी अडकवली आणि फाटकाबाहेरच उभ्या राहून त्या एकट्या रडल्या. आळीतल्या प्रत्येक दारात माणूस उभा होता. कुणी उंबरा ओलांडला नाही. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

आम्ही दोघे अंगणाच्या दोन टोकांना बसलो. मध्ये, फाटकावरून काढून आणलेली, ती पिशवी. संध्याकाळ होत आली तरी ती कुणी सोडली नव्हती.

"सर्जा," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "मला वास येत न्हवता."

मी मान वर केली नाही.

ते सांगत राहिले. त्यांना वाटले होते, दरसालासारखे नाक बसले आहे, चार दिवसांत सुटेल. शालन वहिनींनी गुऱ्हाळावर येऊन सगळ्यांना विचारले होते, वास गेला आहे का, चव गेली आहे का. ते नाही म्हणाले होते. सारी गडीमाणसे उभी होती, मालक उभे होते. गुळव्याला वास येत नाही, हे चार माणसांत म्हणायचे कसे? एकदा म्हटले की पुढच्या हंगामाला कोण बोलावणार? "काईल बिगडू नये म्हणून तुला वर बलिवला," ते म्हणाले. "तुझी आक्का नीट ऱ्हावी म्हणून मी घर सोडलं, आन् तुला जवळ घेतला. मधी तू हाईस, हे डोस्क्यात आलंच न्हाई, बग."

आक्काने बजावल्यापासून मी या घटकेची तयारी केली होती. दोन गोष्टी बोलायच्या नाहीत, एवढेच तिने सांगितले होते. तिसरी माझी मीच जुळवली होती.

"दाजी, माझंबी नाक गेलं हुतं," मी म्हणालो. "तुमच्या आदी गेलं हुतं. बाजारात चिपाडं बांदायचा काथ्या आणाय गेलतो, तवाच मला लागलं आसंल. मीच आणलं ते घरात. तुमास्नीबी माझ्याकडनंच झालं."

दाजींनी माझ्याकडे पाहिले. त्या दिवसात प्रथमच.

"मग वास कसा सांगत हुतास?"

"अंदाजानं."

"अंदाजानं."

"व्हय. बुडबुडं बगून. तुमचा हात बगून."

मला वाटले, त्यांनी ते घेतले. त्यांच्या खांद्यांवरचे काहीतरी किंचित सैल झाल्याचा मला भास झाला. मी आणखी बोलणार होतो, काथ्या कोणत्या दुकानातून आणला तेही सांगणार होतो. पण ते हळूहळू मान हलवू लागले, नकारार्थी, आणि हलवीतच राहिले.

"अंदाजानं एक काईल उतरंल," ते म्हणाले. "नशिबानं दुसरीबी. रोज न्हाई उतरत, सर्जा. येकबी डाग न्हवता त्या गुळाला. आडत्या म्हणाला, हिंदुराव, उभ्या हंगामात असला माल दिला न्हाईस."

मी नखाने अंगणातली माती उकरू लागलो.

"चांगलं नाक हाय तुझं," दाजी म्हणाले. मग त्यांनी डोके गुडघ्यांत घातले, आणि तोवर न फुटलेला आवाज त्यांच्या छातीतून फुटला. मी उठून जवळ जाऊ लागलो तेव्हा त्यांनी मान वर न करताच तळहात पुढे केला. मी अंगणाच्या मध्यावर उभा राहिलो. तिथून मला पुढेही जाता येईना आणि मागेही.

आता साथ सरून वर्षे झाली. लोक लग्नांत दाटीवाटीने जेवतात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात. मी त्याच गुऱ्हाळात गुळव्या आहे. दाजींचा वास परत आला की नाही हे कुणाला ठाऊक नाही, कारण त्यांनी काईलीकडे परत पाहिलेच नाही. त्यांनी मालकांकडून नदीकाठच्या पिकाची राखण मागून घेतली. तिथेच खोप घालून राहतात, हाताने रांधून खातात. वाटसरू पाणी मागायला आला तर तांब्या बांधावर ठेवून ते सऱ्या ओलांडून दूर जाऊन उभे राहतात.

रविवारी मी त्यांना भेटायला जातो. बांध चढू लागलो की तळहात वर होतो. मग आम्ही दोन सऱ्यांच्या अंतरावरून, वाऱ्यात शब्द हरवू नयेत म्हणून, ओरडून बोलतो.

"खोकला न्हाई न्हवं?" ते विचारतात.

"न्हाई, दाजी."

"ताप?"

"न्हाई."

"जा मग," ते म्हणतात, आणि मी दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभे राहतात.